झार्नित्सा आगबोट आणि पाण्याखालचे गाव

मित्रांनो, मी वोल्गा नदीवरची एक जुनी प्रवासी आगबोट आहे. माझे नाव झार्नित्सा. दूर आभाळात नुसती चमकते पण गडगडत नाही, त्या विजेला आमच्याकडे हे नाव आहे. ते ज्याने ठेवले त्याला माझा स्वभाव आधीच कळला असावा. मला जे जाणवते ते मोठ्याने सांगणे मला कधीच जमले नाही.

महायुद्ध संपून बारा वर्षे झाली होती, तेव्हा एका जर्मन गोदीत माझा जन्म झाला. कारागिरांनी आधी माझा कणा आडवा टाकला, त्यावर एकेक बरगडी उभी केली आणि बरगड्यांवर पोलादी पत्रे चढवले. आत अक्रोडाच्या लाकडाच्या भिंती, जेवणघरात पितळी दिवे, जिन्याला लाल गालिचा. मग समुद्राच्या कडेकडेने मला रशियात आणले. मी नदीसाठी घडवलेली. समुद्राची लाट पहिल्यांदा पोटाखाली आली तेव्हा माझा सांधान्‌सांधा कुरकुरला. नदीत शिरल्यावर कुठे माझ्या जिवात जीव आला, पण मोकळ्या पाण्याची भीती अंगात बसली ती बसलीच.

पुढचे चौतीस उन्हाळे मी लोकांना जुनी शहरे दाखवत फिरले. कापडगिरणीतल्या बाया, नवीन लग्न झालेली जोडपी, सुट्टीवर आलेले मास्तर, सगळे माझ्या कठड्याला टेकून काठ बघायचे. ऊग्लिचचे लाल चर्च, यारोस्लाव्लचे हिरवे घुमट, कोस्त्रोमाचा बाजार. मी स्वतः ही शहरे फक्त पाण्याकडून पाहिली. माणसे आत जाऊन यायची आणि त्यांच्या बुटांना चिकटलेल्या मातीवरून मला गावे ओळखता यायची. यारोस्लाव्लची माती पिवळसर, रेतीमिश्रित. ऊग्लिचची काळी, चिकट, गालिच्यावरून निघता निघत नसे. चार वेळा मला उत्तम बोटीचे निशाण मिळाले. कठड्याचे पितळ इतके घासलेले असायचे की बायका त्यात बघून रुमाल नीट करायच्या.

मग सोव्हिएत देश मोडला. मला कुठल्या तरी खाडीत बर्फात उभी करून ठेवली. पितळी दिवे एकेक करून नाहीसे झाले. गालिचा कुणीतरी गुंडाळून नेला. तीन हिवाळे माझ्या पोटात कुणी शेकोटीसुद्धा पेटवली नाही. चौथ्या वर्षी नवे मालक आले. त्यांनी वरून रंग दिला, पडदे लावले, पण तळाकडे कुणी पाहिले नाही.

ज्या प्रवासाने माझी झोप कायमची उडवली तो त्यानंतरच्याच उन्हाळ्यातला. मॉस्कोहून निघायचे, वाटेतली जुनी शहरे दाखवायची आणि बाराव्या दिवशी पीटर्सबर्गला पोचायचे. माझे कप्तान होते रोदिओन साव्हेल्येविच. साठीचे, शांत, निवृत्तीला चार महिने उरलेले. इंजिनघरात होता मिस्त्री उस्तिन झाखारोविच. बावीस वर्षे तो माझ्या पोटात राबला होता आणि कप्तानाला लहानपणच्या नावाने, रोद्या म्हणून हाक मारणारा तो एकटाच. स्वयंपाकघर कापितोलिनाचे. प्रवाशांना शहरांचा इतिहास सांगायला इनेस्सा नावाची गाइड.

पहिले शहर ऊग्लिच. सगळे प्रवासी खाली उतरले. डेकवर एकटी एक म्हातारी बसून राहिली. अग्निया पाव्लोव्हना तिचे नाव. पासष्टीची, सुकलेली, गुडघ्यावर घोंगडी.

कापितोलिना बटाटे सोलत तिच्याशेजारी येऊन टेकली. "आजी, तुम्ही नाही उतरलात? अख्खी बोट इथली नावाजलेली घड्याळं घ्यायला गेलीय."

"घड्याळ घेऊन काय करू? वेळ माझ्याकडे रग्गड आहे. पाय तेवढे कमी पडतात."

"मग एवढ्या लांब आलात कशाला? काशाची लापशी तर घरीही शिजते."

"तुझ्यापेक्षा बरी शिजते."

कापितोलिना इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. "जिभेला मात्र काही झालेलं नाही हं तुमच्या!"

"मला एकच गाव बघायचंय," म्हातारी म्हणाली. "तुमच्या त्या गाइडबाईच्या यादीत नाही ते."

ऊग्लिचहून पुढे जायचे तर धरणापाशी सिमेंटच्या उंच भिंतींमध्ये उभे राहावे लागते. दारे बंद होतात, पाणी ओसरते आणि बोट हळूहळू खालच्या पातळीला उतरते. हे मी हजारदा केले होते. त्या दिवशी आत शिरताना वाऱ्याचा एक झोत आला आणि माझी डावी बाजू, अगदी पुढची, भिंतीवर घासली. वर कुणाच्या चहाच्या पेल्यातला चमचाही हलला नाही. पण मित्रांनो, पाण्याच्या रेषेखाली माझा एक सांधा उकलला. सुईएवढी फट. तिच्यातून थंडगार पाणी आत येऊ लागले.

उस्तिनला ते तासाभरात कळले. तो हातात दिवा घेऊन माझ्या पोटात गुडघ्यांवर बसला आणि त्याने कप्तानाला खाली बोलावले.

"रोद्या, हात लावून बघ."

कप्तानांनी बोटे पत्र्यावर फिरवली. "किती?"

"आत्ता तासाला बादलीभर. नदीत एवढंच राहील. पण मोकळ्या पाण्यात लाट बसायला लागली ना, की शर्टाची शिवण उसवते तसा उसवेल हा."

"सिमेंट?"

"भरतो की. पण ते म्हणजे जखमेवर चिंधी. हिला गोदीत चढवायला पाहिजे."

कप्तानांनी ओली बोटे पँटला पुसली आणि म्हणाले, "बघतो."

यारोस्लाव्लला पोचल्यावर त्यांनी बिनतारी यंत्रावर मालकांचा माणूस वादिम एदुआर्दोविच याला सगळे सांगितले. त्याचा आवाज मी माझ्या वरच्या, सुकाणूच्या खोलीत स्पष्ट ऐकला.

"गोदीत? आणि दीडशे माणसं काय काठावर तंबू ठोकून ठेवू? एवढी जुनी बोट, थोडं पाझरणारच. पीटर्सबर्गला पोचवा, मग बघू. आणि तुमचे चारच महिने राहिलेत ना, रोदिओन साव्हेल्येविच? शांतपणे घरी जा की."

कप्तानांनी यंत्र तोंडाजवळ धरले. मग पुन्हा तेच. "बरं. बघतो."

मोकळ्या पाण्याची माझी जुनी भीती जागी झाली. कारण यारोस्लाव्लहून आम्हाला परत फिरून रीबिन्स्कचे धरण चढायचे होते आणि धरणावर पसरले होते ते अफाट पाणी. आमच्याकडे त्याला समुद्रच म्हणतात. मी ओरडू शकत नव्हते. कुरकुरणे एवढेच माझ्या हाती होते. ते मी मन लावून केले. खोल्यांच्या भिंती कुरकुरल्या, जिना कुरकुरला. प्रवासी म्हणाले, "काय गंमत आहे, अगदी जुन्या बोटीसारखी बोट आहे!"

त्याच दिवशी अग्निया पाव्लोव्हना जिना चढून कप्तानांकडे गेली. दोनदा थांबून दम खाल्ला, पण गेली.

"कप्तानसाहेब, उद्या तुम्ही मलोगावरून जाणार."

कप्तानांनी मान वर केली. मलोगा म्हणजे काय हे वोल्गेवरच्या माणसाला सांगावे लागत नाही. धरण बांधले तेव्हा जे गाव पाण्याखाली गेले ते.

"मी तिथली," ती म्हणाली. "दहा वर्षांची होते. पुन्हा जोडता यावं म्हणून घराच्या ओंडक्यांवर आकडे घातले, घर सुटं करून त्यांचा तराफा केला आणि आम्हाला घरासकट नदीत सोडून दिलं. माझे वडील तिथल्या धक्क्यावर होते. बोट दिसली की ते घंटा वाजवायचे आणि बोट भोंगा द्यायची. उद्या तिथून जाताना एकदा भोंगा द्या. एकच."

"आजी, उगाच भोंगा दिला तर आसपासच्या बोटी बिचकतात. आणि तुमचं गाव आपल्या वाटेपासून चांगलं आत आहे. दिसणार काहीच नाही."

"दिसत नाही म्हणून तर भोंगा."

कप्तान अवघडले. "बघतो."

"बघतो म्हणजे नाही," ती म्हणाली. "माझा नवराही असंच म्हणायचा." आणि कठडा धरून हळूहळू खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रीबिन्स्कचे धरण चढलो. संध्याकाळी वारा वाढेल असा हवामानाचा इशारा होता. उस्तिन तेलाच्या हातांनी तसाच वर आला.

"रोद्या, इथेच थांबू या. नांगर टाक."

"वारा संध्याकाळी यायचाय. तीन वाजेपर्यंत आपण पलीकडे."

"वारा तुझ्या घड्याळाने चालतो का?"

"उस्तिन, मला काय आवडतंय असं वाटतं तुला?"

"तुझं सोड. हिला विचारलंस?" उस्तिनने माझ्या भिंतीवर तळहात ठेवला. कप्तानांनी वेग कमी केला नाही. उस्तिन खाली निघून गेला. चाळीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी असे विचारले होते ते तेवढेच.

वारा संध्याकाळची वाट बघत थांबला नाही. दुपारचे सूप वाढले जात असतानाच पश्चिमेकडचे पाणी काळे पडले आणि त्यावर पांढरे फेस उठू लागले. त्या समुद्रात लाटा लांबट नसतात. आखूड, उभ्या, एकामागून एक येतात, श्वास घ्यायला फुरसत देत नाहीत. त्या नेमक्या माझ्या डाव्या बाजूवर बसू लागल्या. पहिल्या दहा लाटांत सिमेंटला तडा गेला. पुढच्या वीस लाटांत ते निघून पडले. मित्रांनो, आपल्याच अंगात पाणी भरते आहे आणि वर बायका एकमेकींना ब्लिनीची धिरडी वाढताहेत, हे ऐकत राहणे काय असते ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

उस्तिन कमरेइतक्या पाण्यात उतरला. त्याने गाद्या मागितल्या, फळ्या मागितल्या. कापितोलिना गाद्या पाठीवर घेऊन जिना उतरत होती. फळ्या संपल्या तेव्हा तिने स्वयंपाकघरातली पीठ मळायची मोठी फळी आणून दिली.

"घ्या! आईची आहे माझ्या. नीट लावा!"

"मळू का आता हिच्यावर?" उस्तिन दातांत खिळे धरून ओरडला. "धर ना तिकडून!"

एका लाटेसरशी फळीचा टेकू निसटला आणि तिच्या मनगटावर बसला. तिने दुसऱ्या हाताने फळी दाबून धरली, सोडली नाही.

जेवणघरात सगळ्यांना तरंगती जाकिटे घालून बसवले होते. इनेस्साच्या हातात ध्वनिक्षेपक होता. काय बोलावे ते न सुचून ती इतिहास सांगत सुटली. "...आणि मग यारोस्लाव्लच्या लोकांनी बंड केलं म्हणून तिथल्या घंटेला शिक्षा झाली. घंटेची जीभ कापली आणि तिला सायबेरियात हद्दपार..."

"अहो बाई, ऊग्लिचच्या!" एक जाडा गृहस्थ ओरडला. "ऊग्लिचची घंटा! परवा तुम्हीच सांगितलंत!"

"हो, ऊग्लिचची," इनेस्सा म्हणाली आणि तिला रडू फुटले. मग रडतारडता हसू. सगळे हसले. एकमेकांची मनगटे घट्ट धरून हसले.

वर कप्तानांनी खाली जाणाऱ्या बोलण्याच्या नळीतून विचारले, "उस्तिन, किती वेळ?"

"तासभर. तोही हिच्या मनात असेल तर."

रीबिन्स्कची दारे दोन तास मागे होती. पलीकडचा किनारा तीन तास पुढे. कप्तानांनी नकाशा पसरला. त्यांचे बोट डावीकडच्या एका फिक्या डागावर जाऊन थांबले. उथळ पाणी, म्हणजे टेकली तर बुडायची नाही. पंधरा मिनिटांच्या अंतरावर. पण डागाभोवती बारीक फुल्या होत्या. फुल्या म्हणजे तळाशी विटा, पाये, मोडके खांब. असल्या जागेवर बोट चढवली तर उरलेले पोटही फाटणार.

तेवढ्यात दार उघडले. अग्निया पाव्लोव्हना. जाकीट उलटे घातलेले, रुमाल मागे सरकलेला.

"आजी, खाली जा! इथे यायचं नाही!"

"तुम्ही उथळ शोधताय," ती म्हणाली. "तिकडे वळलात तर आमच्याच गावावर जाल. कुठे चढणार, ते ठरवलंत?"

ती काचेपाशी गेली. काचेवर वाफ धरली होती. तिने त्यावर बोटाने रेघ ओढली.

"हा मोठा रस्ता. दगडी. इकडे चर्च, विटांचं, त्याला हात लावू नका. ही दुकानांची ओळ, इथेही पाये आहेत. आणि ही इथली खालची बाजू, मलोगा नदीला लागून, हे सगळं कुरण. नुसतं गवत. आम्ही पोरं अनवाणी धावायचो, एक खडा लागायचा नाही पायाला."

"पंचावन्न वर्षं झाली त्याला, आजी."

"पंचावन्न वर्षं मी रोज त्याच वाटेने चालतेय. तुम्ही चालवा."

कप्तानांनी एकदा काचेकडे बघितले, एकदा नकाशाकडे. मग त्यांनी सुकाणू फिरवले. "माझ्या शेजारी उभ्या राहा. कठडा सोडू नका. बोला कुठे ते."

"फुल्या उजव्या हाताला ठेवा. आणखी. हं, आणखी थोडं डावीकडे."

पुढचे पाणी तपकिरी होऊ लागले, लाटा मोडू लागल्या. माझे तोंड जड झाले होते, मी नीट वळतही नव्हते. कुठल्याही क्षणी वीट लागेल, खांब लागेल म्हणून मी माझा प्रत्येक पत्रा आवळून धरला होता. आणि मग माझ्या पोटाखाली काहीतरी मऊ आले. एक लांब, ओला, जड सुस्कारा. मी पुढे सरकले, थोडी कलले आणि थांबले.

मी कितीतरी गावांच्या धक्क्याला लागले, मित्रांनो. पण गावाच्या जमिनीवर टेकले ते त्या एकाच गावात.

खाली उस्तिनने नळीत तोंड घालून विचारले, "रोद्या, कशावर चढवलीस? पाणी वाढायचं थांबलं!"

"गवतावर," कप्तान म्हणाले.

त्यांनी मदतीची हाक दिली. जागा सांगितली, माणसे सांगितली. ते झाल्यावर त्यांनी भोंग्याची कडी धरली आणि ओढली. एकदा. लांब. आवाज त्या सपाट पाण्यावरून गेला तो कुठेच आपटला नाही, जातच राहिला. म्हातारीचा उजवा हात आपोआप वर गेला आणि घंटेची दोरी ओढावी तसा दोनतीनदा खाली आला.

पाच वाजता रीबिन्स्कहून दोन ओढबोटी आणि एक मालवाहू बोट आली. सगळी दीडशे माणसे उतरली. कापितोलिनाचे मनगट मोडले होते, एवढेच. ती एका हाताने सगळ्यांना चहा देत होती आणि म्हणत होती, "आईची फळी तेवढी काढून द्या कुणीतरी."

मला ओढून रीबिन्स्कच्या गोदीत आणले. चौथ्या दिवशी वादिम एदुआर्दोविच तिथे आला. कागद त्याने टंकून आणला होता. "सही करा. वादळ अचानक आलं, बोट ठणठणीत होती. फारच झालं तर मिस्त्रीने तपासणी नीट केली नाही असं म्हणू. तुमची पेन्शन कुठे जात नाही."

कप्तानांनी तो कागद घडी करून परत दिला आणि माझ्या रिकाम्या जेवणघरात बसून स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला. लिहून झाल्यावर उस्तिनला वाचून दाखवला. 'सांधा उकलल्याचे मला तीन दिवस माहीत होते. मिस्त्रीने मला दोनदा थांबायला सांगितले. मी थांबलो नाही.'

"वेडा आहेस का?" उस्तिन म्हणाला. "परवाना काढून घेतील तुझा."

"घेऊ देत. तुला सांगू, मला कशाने झोप येत नाही? तीन दिवस दीडशे माणसं माझ्या पुढ्यातून जात-येत होती. किती वाजता पोचू, जेवायला काय, फोटो काढू का, सगळं विचारत होती. एकाने जरी विचारलं असतं ना, कप्तान, बोट ठीक आहे ना, तर मी तिथंच थांबलो असतो. तोंडावर खोटं बोलायचा धीर नव्हता माझ्यात. नुसतं गप्प बसायचा होता."

परवाना गेला. पुढे ते एका लहानशा धक्क्यावर पहारेकरी होते असे ऐकले. अग्निया पाव्लोव्हनाने त्यांना दरवर्षी सुकवलेल्या अळंब्यांची पुडी पाठवली, असेही उस्तिन कुणाला तरी सांगत होता. नंतर उस्तिनही यायचा बंद झाला. माझा डावा पत्रा नवा बसवला आणि मला पुन्हा खाडीत ढकलून दिले. त्यावर सात हिवाळे गेले.

मित्रांनो, आता मला आणखी नवे मालक मिळाले आहेत. त्यांनी माझे नाव बदलले. खोल्यांत नवी अंथरुणे आली, डेकवर छत्र्या आल्या, आणि गेले आठ दिवस रंगारी माझ्या अंगावर पांढरा रंग चढवत आहेत. उजव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या खाली, एक पत्रा कागदासारखा झाला आहे. त्यावर गंज आला होता, तो न खरवडताच त्यांनी रंग फासला. कुणी पोटात उतरले नाही. मी कुरकुरते आहे. रंगारी म्हणतात, जुनी आहे, कुरकुरणारच.

जुन्या वस्तूला जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे मागते. जपणे म्हणजे वरून पुसणे नव्हे. तिच्या आत काय चालले आहे ते उतरून बघा, आणि बघणे तुमच्या हाती नसेल तर ज्याच्या हाती आहे त्याला विचारा. विचारायला लाजू नका. पुष्कळ चांगली माणसे केवळ कुणी विचारत नाही म्हणून गप्प राहतात.

शनिवारी सकाळी दहा वाजता धक्क्यावरून चढायची फळी लागणार आहे. दोनशे माणसे चढतील. कुणी खिडकीची खोली मागेल, कुणी विचारील ऊग्लिच कधी, कुणी विचारील चहा कुठे मिळतो. नवा कप्तान तरुण आहे, दाराशी उभा राहून सगळ्यांना हसून उत्तरे देईल. मी त्या दोनशे आवाजांत कान देऊन एकच आवाज शोधणार आहे. कुणाचाही चालेल, एखाद्या लहान पोराचाही. कुणीतरी कप्तानाच्या डोळ्यांत बघून एवढेच म्हणू दे, "काका, हिच्या तळाशी कुणी उतरून बघितलंय का?"